मुहूर्त नाशिकचा, घड्याळ हॉलंडचं

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न हॉलंडमध्ये झालं, मुहूर्त नाशिकचा होता, आणि डोकं फिरलं ते माझं, कुवेतमध्ये. एकोणीसशे नव्वदचा मे महिना होता. पुढे ऑगस्टात शेजारच्या देशाचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि आमच्याही घड्याळांचे काटे त्यांनी हलवले, पण तो राग वेगळा आणि त्याची गोष्टही वेगळी.

बहीण शिकायला म्हणून हॉलंडला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. मुलगा तिथलाच, म्हणजे तिथे नोकरी करणारा पण मूळचा पुण्याचा. सगळं पसंतीचं होतं. फक्त तिच्या तिथे राहण्याच्या परवान्याचे कागद नूतनीकरणाला अडकले होते, त्यामुळे तिला देशाबाहेर पाऊल टाकता येईना. लग्न तिकडेच करायचं ठरलं. बाबांना त्या थंडीत हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि डॉक्टरांनी प्रवासाचं नावही काढू दिलं नव्हतं. त्यांना सोडून आईला जाणं शक्य नव्हतं. मी कुवेतच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन, मला रजा मिळाली नाही. थोडक्यात, मुलीच्या लग्नाला माहेरचं एकही माणूस नाही.

बाबा हे सगळं सोसायला तयार होते, एक सोडून. त्यांना मंगलाष्टकं रचायचा नाद होता. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण गल्लीत कुणाचंही लग्न निघालं की यांचा कागद-पेन बाहेर. वृत्तात चोख बसवलेली, सगळ्या नातेवाइकांचा उल्लेख असलेली, लांबलचक मंगलाष्टकं. माझ्या लग्नात त्यांनी स्वतः उभं राहून म्हटली होती. भटजी दोनदा खाकरले, वऱ्हाडी मुठीत अक्षता धरून घामाघूम झाले, तरी बाबांनी एक कडवं गाळलं नाही. मी अंतरपाटाच्या अलीकडे हार धरून उभी, हात दुखून आलेले, आणि मनात म्हणत होते, आता पुरे करा हो बाबा. धाकटीसाठी तर त्यांनी ती शाळेत असल्यापासून ओळी जमवून ठेवल्या होत्या.

"तिच्या अंतरपाटापाशी माझा आवाज पोचला पाहिजे," ते मला फोनवर म्हणाले. "बाकी मला काही नको." आजारातून उठलेला माणूस असं म्हणतो तेव्हा पुढे बोलायला जागाच उरत नाही. मी म्हटलं, पोचवते.

पोचवणं माझ्याकडे आलं त्याला कारण होतं. नाशकात फोन शेजारच्या काकांकडे, आणि त्यावरून परदेशी बोलायचं तर कॉल बुक करून ताटकळत बसायचं. हॉलंडमध्ये बहीण भाड्याच्या खोलीत, घरमालकिणीच्या फोनवर येणारे कॉल घ्यायची मुभा, करायची नाही. लग्नाच्या हॉलवरच्या फोनचंही तेच. दोन्हीकडे फोन घेता येत होता, करता येत नव्हता. करू शकणारी मी एकटी. कुवेतच्या खैतान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये परदेशी थेट लागणारा फोन होता. त्यामुळे दोन्हीकडचे निरोप, दोन्हीकडची रडारड आणि दोन्हीकडचे रुसवे माझ्या दिवाणखान्यातून जायला लागले. फोन लावला की बहीण विचारायची, "आता नाशकात किती वाजले गं?" बाबा विचारायचे, "हॉलंडात किती झाले?" मी ड्यूटीवरून थेट येऊन, तोंडही न धुता फोन फिरवत असायची. तुझ्याकडे किती वाजले, असं मात्र कुणी विचारत नव्हतं.

मुहूर्त बाबांनी काढून आणला. रविवारी दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटं, नाशिकच्या घड्याळाप्रमाणे. मुलाकडच्यांनी हॉलंडमधला मुहूर्त सुचवून पाहिला, पण बाबा ऐकेनात. कन्यादान करणारं घर नाशकात, म्हणून मुहूर्त नाशिकचा. बरं. बारा पस्तीस म्हणजे कुवेतमध्ये दहा वाजून पाच. आता हॉलंडमध्ये किती, एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्याचं उत्तर आमच्या घरात तयार होतं.

माझे यजमान पेट्रोकेमिकल कंपनीत इंजिनीअर. त्या जानेवारीत कंपनीने त्यांना तीन आठवडे हॉलंडला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तेव्हापासून तो देश आमच्या घरात त्यांच्या मालकीचा झाला होता. तिथलं चीज, तिथले कालवे, तिथल्या सायकली, काहीही निघालं की शेवटचा शब्द यांचा. "दोन तास मागे," ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "आपले दहा पाच, त्यांचे आठ पाच." तिकडे बाबांनी शाळेच्या काळातला ॲटलास उघडला, खालच्या पट्टीवरून भारत आणि हॉलंडमध्ये साडेचार तास मोजले आणि त्यांचंही उत्तर आलं आठ पाच. त्यांनी बहिणीला लिहून कळवलं, तुझ्या घड्याळात सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी अंतरपाट दूर व्हावा. तिने त्या बेताने हॉल घेतला. सासरा-जावयाचं आयुष्यात पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं होतं, त्यामुळे दोघेही माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहत होते. बाबा नाशकातून पाहत होते, तरी ते मला कळत होतं.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी मी बहिणीला फोन लावला. आमच्याकडे सात वाजत होते, म्हणजे तिच्याकडे पाच. साड्यांवर बोलता बोलता ती म्हणाली, "ताई, ठेवते आता. सहा वाजले, मला निघायचंय."

"सहा कुठले? पाच. घड्याळ दुरुस्तीला दे."

"घड्याळ बरोबर आहे गं. इथे उन्हाळी वेळ सुरू झाली ना. मार्चच्या शेवटी सगळा देश घड्याळं तासभर पुढे करतो."

"कशासाठी?"

"संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून."

आम्ही इथे खिडक्यांना जाड पडदे लावून, वर वर्तमानपत्रं चिकटवून ऊन घराबाहेर ठेवायची खटपट करत होतो, आणि हे लोक घड्याळाला हात लावून उजेड वाढवून घेत होते. पण मग माझ्या डोक्यात दुसरा प्रकाश पडला. तिथे एक तास पुढे, म्हणजे आता आमच्यात दोन नाही, एकच तासाचा फरक. नाशिकचे बारा पस्तीस म्हणजे हॉलंडचे नऊ पाच. आठ पाचला अंतरपाट दूर झाला तर तेव्हा नाशकात अकरा पस्तीस. मुहूर्ताच्या तासभर आधीच लग्न लागणार, आणि बाबा शेजारच्या काकांकडे फोनपाशी येऊन बसतील तेव्हा हॉलंडात जेवणाची पानं मांडून झालेली असणार.

मी हे बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "पण बाबांनी आठ लिहिलंय. त्यांनी उन्हाळी वेळ धरूनच लिहिलं असेल ना? ते भूगोलाचे आहेत."

"धरलेली नाहीये!"

"तू त्यांना विचारलंस?"

आठला नाही, नऊला कर, एवढं साधं सांगणं होतं. पण ती वडिलांच्या शब्दाबाहेर जायला तयार नव्हती, आणि हॉल अकराला रिकामा करून द्यायचा होता. नऊ केलं तर जेवणं उरकायला वेळ पुरणार नव्हता. "बाबांना विचार आणि मला सांग," असं म्हणून ती मोकळी झाली.

मी आधी घरातल्या जाणकाराला सांगितलं. "छे," यजमान म्हणाले. "मी राहून आलोय तिथे."

"तुम्ही जानेवारीत गेला होता. हा बदल मार्चमध्ये होतो."

"देश तोच आहे ना?"

"देश तोच आहे, वेळ बदललीय."

"वेळ कशी बदलेल? फॅक्टरीत तीन-तीन शिफ्ट चालतात त्यांच्या. असला चावटपणा परवडतो का त्यांना?" आणि पुन्हा पेपर. मी हॉस्पिटलात रोज शेकडो बाटल्यांवर रक्त कधी काढलं ती वेळ लिहीत होते. पाच मिनिटांचा फरक पडला तर डॉक्टर बोलायचे. आणि घरात माझ्या तासाला कुणी विचारत नव्हतं.

बाबांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीचं ऐकावं तसं.

"सूर्य काय सरकारी नोकर आहे, उन्हाळ्यात तासभर लवकर हजर व्हायला?"

"बाबा, सूर्य तिथेच आहे. घड्याळं पुढे केलीत."

"कुणी?"

"सरकारने."

"आणि लोकांनी ऐकलं?"

"ऐकलं."

"अख्ख्या देशाने?" ते हसले. "तुझी काहीतरी गफलत होतेय, बाळ. ॲटलास आहे माझ्यासमोर." मागून आईचा आवाज आला, उगाच त्यांना त्रास देऊ नकोस गं, डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे खरं बोलायचीही सोय नाही! मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आपटली. मला खरंच संताप आला होता. मुहूर्त टळला तर टळला, मला त्याचं एवढं नव्हतं. पण त्या दिवशी बाबा कागद हातात धरून बसतील, मी फोन लावीन, आणि पलीकडून कुणीतरी सांगेल की लग्न लागून गेलं. ते ऐकताना त्यांचा चेहरा कसा होईल, ते मला इथूनही दिसत होतं.

पुढचा आठवडा मी रोज कुणाशी तरी भांडत होते. शेवटी ठरवलं, सांगून पटत नाही तर ऐकवायचं. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक मल्याळी नर्सबाई राहायच्या, त्यांच्याकडेही परदेशी लागणारा फोन होता. त्यांना हिंदीत सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "दीदी, इंडिया का शादी, हॉलंड का दूल्हा, और टेन्शन कुवेत में?" मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. एवढं नेमकं कुणी बोललं नव्हतं. इमारतीच्या हारिसने, म्हणजे रखवालदाराने, कुठूनशी लांब वायर आणून दिली आणि त्यांचा फोन जिना ओलांडून आमच्या दिवाणखान्यात आला.

शुक्रवारी एका फोनवर नाशिक लावलं, दुसऱ्यावर हॉलंड. एक रिसीव्हर एका कानाला, दुसरा दुसऱ्याला. "बाबा, घड्याळ बघा आणि वेळ सांगा."

"दुपारचे दोन."

"आता तू सांग," मी दुसरीकडे म्हटलं.

"साडेदहा, ताई."

"बाबा, ती साडेदहा म्हणतेय. तुमच्या हिशेबाने किती असायला हवे?"

तिथल्या पंख्याचा आवाज मला ऐकू येत होता. "साडेनऊ," ते शेवटी म्हणाले. "तिचं घड्याळ पुढे आहे."

"तिचं नाही. रस्त्यावरचं, चर्चचं, स्टेशनवरचं, सगळी पुढे आहेत. तिला विचारा."

मी त्यांचे प्रश्न तिला आणि तिची उत्तरं त्यांना सांगत राहिले. स्टेशनवरचं घड्याळ? हो. रेडिओवर? हो. मग थोडं थांबून बाबांनी विचारलं, "आणि गाई?"

"कसल्या गाई?"

"हॉलंडच्या गाई प्रसिद्ध आहेत. दूध काढायला त्यांना तासभर आधी उठवतात का, विचार."

मी विचारलं. वडिलांपायी मी हेसुद्धा विचारलं. बहीण इतकी हसली की तिच्या घरमालकिणीने दार वाजवलं. गाईंचं काय करतात हे काही तिला ठाऊक नव्हतं. पण तिचं हसणं मी रिसीव्हर उलटा धरून बाबांना ऐकवायचा प्रयत्न केला. त्यांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण ते नरमले. "नऊ तर नऊ," ते म्हणाले. "मुहूर्त मात्र नाशिकचाच." बहिणीनेही मग हॉल आणखी एक तास मागून घेतला.

यजमान दारात उभे होते. ते म्हणाले, "मी म्हटलंच होतं, काहीतरी फरक असेल." कुठेतरी सुटका हवीच होती त्यांना.

उरलेली इभ्रत सावरायला त्यांनी नवं काम अंगावर घेतलं. एका रिसीव्हरचं बोलायचं टोक दुसऱ्याच्या ऐकायच्या टोकाला लावायचं, म्हणजे बाबांचा आवाज परस्पर हॉलंडला जाईल. "आवाज म्हणजे शेवटी लहरी," असं म्हणत त्यांनी माझ्या परकराची नाडी मागून घेतली आणि दोन्ही रिसीव्हर उलटसुलट बांधायचा बेत पक्का केला. आधी एकदा करून बघा म्हटलं तर म्हणाले, गरज नाही.

रविवार म्हणजे कुवेतमध्ये कामाचा दिवस. मी मैत्रिणीशी ड्यूटी बदलून घेतली होती, यजमानांनी ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवलं होतं. सकाळी अंघोळ करून मी लग्नाला निघाल्यासारखी पैठणी नेसले आणि दोन फोनच्या मध्ये सतरंजीवर बसले. नर्सबाई रात्रपाळी करून आल्या होत्या, तरी केसांत गजरा घालून दारात उभ्या राहिल्या. वाटीत हळद लावलेल्या अक्षता होत्या. बकाल्यातला, म्हणजे खालच्या वाणसामानाच्या दुकानातला, लांब दाण्याचा बासमती, दुसरा तांदूळ संपला होता.

दोन्ही फोन पहिल्या झटक्यात लागले. हॉलंडमध्ये अंतरपाट धरलेला, तिथल्या गुरुजींचे संस्कृत मंत्र माझ्या कानात येत होते. त्या गुरुजींचे पणजोबा बिहारहून बोटीने सातासमुद्रापारच्या एका डच वसाहतीत मजुरीला गेलेले, त्यांना मराठी अक्षरही येत नव्हतं. नाशकात बाबा कागद घेऊन तयार होते. यजमानांनी नाडीची गाठ मारली. आणि दोन्ही रिसीव्हरमधून अशी काही शिट्टी उठली की नर्सबाईंनी कान झाकले. नाशकातून आई ओरडली, हॉलंडमधून कुणीतरी डच भाषेत ओरडलं.

"सोडा ती नाडी!" मी किंचाळले.

"एक मिनिट, जरा कोन बदलून—"

"सोडा!"

गाठ सुटेना. शेवटी मी दातांनी ओढून सोडवली. दहाला पाच मिनिटं कमी होती. बाबा विचारत होते, म्हणू का, म्हणू का. मी दोन्ही रिसीव्हर कानांना लावले, दोन्ही तोंडाशी आले, आणि म्हटलं, "बाबा, एकेक ओळ म्हणा. मी इकडे म्हणते."

मला गाता येत नाही. शाळेत प्रार्थनेला मला मागे उभं करत. पण बाबांनी त्या थकलेल्या आवाजात पहिली ओळ म्हटली, ती जशीच्या तशी, त्याच चालीत, मी हॉलंडला सांगितली. तिकडे टेलिफोन अंतरपाटाजवळ आणून कुणीतरी रिसीव्हर बहिणीच्या कानाशी धरला होता. गणपती झाला, कुलदेवी झाली, आजोबा-आजी झाले. एकेका ओळीनंतर बाबा दम घ्यायला थांबत, तोवर मी म्हणून घेई. यजमान माझ्यासमोर गुडघ्यावर बसून एका हाताने रिसीव्हर सावरत होते आणि दुसऱ्या हातातलं घड्याळ मला दाखवत होते. त्यात कधी नव्हे ती वेळ बरोबर होती.

शेवटचं कडवं आलं. बाबा म्हणाले,

"आहे थोरलि लेक दूर, धरिते दोन्ही घरां जोडुनी—"

महिनाभर मी या माणसावर चिडत होते, आणि त्यांनी कधीतरी बसून ही ओळ लघु-गुरू मोजून लिहिली होती. ती मीच माझ्या तोंडाने म्हणायची होती.

"ताई?" एका कानात बहीण. "लाइन गेली का?"

"अगं, एक मिनिट उरलंय," यजमान.

"म्हटलंस का?" बाबा.

"हो," मी खोटंच सांगितलं. "पुढची म्हणा."

"नाही म्हटलंस. इतका वेळ तुझा शब्दन् शब्द ऐकू येतोय मला. म्हण."

मी म्हटली. फाटलेल्या आवाजात, सूर कुठल्या कुठे, पण एकही अक्षर गाळलं नाही. मग बाबांनी सावधान म्हटलं, मी म्हटलं, आणि तिकडे एकदम टाळ्या, वाद्यं, माणसांचा गलका उठला. नर्सबाईंनी ओंजळभर बासमती आमच्या अंगावर टाकला. बहीण रडत "बाबा, बाबा" म्हणत होती. मी तेही नाशकात सांगितलं, पण माझ्या रडण्यातून त्यांना किती कळलं ठाऊक नाही.

हॉलंडकडचा फोन कुणीतरी ठेवून दिला. नाशकाकडचा चालू होता. बाबा कागदाची घडी घालत होते, तो आवाज मला येत होता.

"तिच्या घड्याळात किती झाले गं?" त्यांनी विचारलं.

"नऊ वाजून पाच होऊन गेले, बाबा. अगदी बरोबर लागलं."

"हं." मग जरा थांबून म्हणाले, "आणि बाळ, तुझ्याकडे किती वाजले?"

समोर भिंतीवर घड्याळ होतं, यजमानांच्या हातात दुसरं होतं. दोन्ही मला दिसत नव्हती.

"थांबा हं बाबा," मी म्हटलं, "डोळे पुसते आणि सांगते."